टोमॅटोत साखर: आमच्या खानावळीतला अनुभव सांगतो

ताई, तुमचं म्हणणं असं की माहेरी निपाणीकडं टोमॅटोच्या भाजीत कधी साखर पडली नाही, आणि आता बेळगावात सासूबाई दरवेळी चमचाभर घालतात, म्हणतात आंबटपणा मरतो, पित्त होत नाही, नातवाला पण चकत्यांवर साखर पेरून देतात, तर हे बरोबर आहे काय. आमची टिळकवाडीत छोटी खानावळ आहे, आधी आई बघायची, आता बरीच वर्षं मी बघतोय, रोज पन्नास-साठ ताटं होतात, त्यामुळे टोमॅटोशी रोजचाच संबंध. सविस्तर सांगतो.

सासूबाईंचं चवीचं बरोबर आहे, पित्ताचं नाही. साखरेनं आंबटपणा मरत नाही ओ. टोमॅटोत सायट्रिक ऍसिड असतं, थोडं मॅलिक असतं, ते साखर घातली म्हणून कुठं जात नाही, होतं तेवढंच भांड्यात राहतं, फक्त जोडीला गोड आलं की जिभेला आंबट कमी लागतं. म्हणजे जिभेची समजूत निघते, पोटाची नाही. आमच्याकडं एक इंजिनीयरिंगचा पोरगा जेवायला होता, सार असलं की रात्री त्याच्या छातीत जळजळ व्हायची, आई मायेनं त्याच्या वाटीत जास्तीची साखर घालून द्यायची, महिनाभर दिली, काही फरक नाही. शेवटी त्याला साराऐवजी साधं वरण द्यायला लागलो तेव्हा तो रात्री नीट झोपायला लागला. ऍसिड खरोखर कमी करतो तो खायचा सोडा, चिमूट टाकला की फेस येतो तो त्याचाच, पण जरा जास्त झाला की साबणासारखी चव येते, म्हणून मी वापरत नाही. घरात कुणाला पित्त असेल तर टोमॅटोच कमी करा, आणि कुणाला शुगर असेल तर सासूबाईंना हे प्रेमानं सांगा की चमचाभर साखर रोजची रोज मोजली पाहिजे.

आता मुळात साखर लागते का, तर बऱ्याचदा टोमॅटो कच्चा असतो म्हणून लागते. चांगल्या पिकलेल्या टोमॅटोत 100 ग्रॅममागे अडीच-तीन ग्रॅम साखर स्वतःचीच असते, म्हणजे चार मध्यम टोमॅटोत दोन-अडीच चमचे आधीच आहे. पण बाजारात येणारा माल लांब जायचा असतो, आपल्याकडनं भाजीच्या गाड्या चोर्ला घाटातनं गोव्याला जातात, पूर्ण लाल माल त्या धक्क्यात टिकत नाही, म्हणून नुसता रंग पकडला की तोडतात. तो नंतर लाल होतो खरा पण वेलावर पिकल्याची गोडी त्यात येत नाही. आणि जातींचं पण आहे. 2012 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की सगळीकडं सारखा रंग येणारी फळं हवीत म्हणून निवडलेल्या जातींत एक जनुक बिघडलेलं असतं आणि त्यानं फळात साखर कमी तयार होते, जुन्या जातींचे देठाजवळ गडद हिरवे खांदे असायचे ते तेच जनुक त्यांच्यात शाबूत असायचं म्हणून. म्हणून गावठी टोमॅटो दिसला तर दोन रुपये जास्त देऊन घ्या. घरी आणल्यावर हिरवट असेल तर दोन दिवस बाहेर टोपलीत ठेवा, फ्रिजच्या गारठ्यात पिकणं थांबतं आणि वास पण मरतो.

माझा नियम एकच, चिरताना एक फोड तोंडात टाकायची आणि मग ठरवायचं, सवयीनं चमचा उचलायचा नाही.

बरेच जण इथं चुकतात की टोमॅटो टाकला, दोन मिनिटं परतला, पाणी ओतलं, आणि मग आंबट लागतं म्हणून साखर. अहो तो शिजलाच नाही. कांदा आधी मंद आचेवर चांगला तांबूस होऊ द्या, कांद्याचीच केवढी गोडी येते, मग टोमॅटो आणि मीठ घालून झाकण न ठेवता परता, पाणी आटलं की त्यातली साखर घट्ट होते, कच्चा वास जातो, कडेनं तेल सुटतं. एवढं केल्यावर पंधरातल्या बारा वेळा साखर लागतच नाही. लागली तर चार टोमॅटोला पाव चमचा, ती पण शेवटी, कारण सुरवातीला घातली की मसाल्याबरोबर तळाला धरते आणि कडवट होते. गोड लागली नाही पाहिजे, नुसता आंबटाचा टोक मोडला पाहिजे. आणि साखरेआधी मीठ बघा, मीठ कमी असलं तरी आंबट बोचतं.

2023 च्या जुलैत टोमॅटो शंभराच्या वर गेला होता आठवत असेल. तेव्हा मी जरा स्वस्त मिळाला म्हणून हिरवट माल घेतला, साठ माणसांचं सार केलं, आंबट झालं, साखर घातली, परत आंबट, परत साखर, असं करत वाटीभर गेली आणि शेवटी ते आंबट पण आणि गोड पण लागायला लागलं. लोकांनी वाट्या तशाच ठेवल्या. पातेलंभर अन्न ओतताना जीव तुटला. आई म्हणाली साखर कशाला ओततोस, मूठभर शिजलेली तूरडाळ घोटून घालायची होतीस नाहीतर नारळाचं दूध, डाळीनं आणि खोबऱ्याच्या तेलकटपणानं आंबट आपोआप नरम पडतं. नंतर तेच करून बघितलं आणि खरंच तसं आहे. फक्त नारळाचं दूध शेवटी मंद आचेवर, उकळी फुटली तर फाटतं. आणि डाळ वेगळी शिजवून घ्या, टोमॅटोबरोबर टाकली तर आंबटामुळं लवकर शिजत नाही.

सारात मी साखर नाही, गूळच घालतो. आपला जिल्हा उसाचा, चिकोडी, अथणी, गोकाककडं जाताना दोन्ही बाजूला ऊसच ऊस, चांगला गूळ मिळतो मग साखर कशाला. जिरं, कढीपत्ता, हिंगाची फोडणी आणि सुपारीएवढा गूळ, चार माणसांना बास. कोशिंबिरीत मात्र साखरच, गूळ विरघळत नाही. ती पण ताट वाढताना, आधी घातली की मीठ-साखर पाणी ओढून घेतात आणि दाण्याचं कूट त्यात भिजून लगदा होतो.

तुमच्या माहेरचं पण चुकीचं नाही हं. झणझणीत टोमॅटोची चटणी, लसूण, हिरवी मिरची, तव्यावर ठेचलेली, भाकरीबरोबर, त्यात साखर घातली तर माझ्याच हातनं ताट सरकेल. आमच्यात असं, तुमच्यात तसं, एका घरात दोन्ही राहू शकतं.

लेकाच्या चकत्यांचं म्हणाल तर चीनमध्ये पण कापलेल्या टोमॅटोवर साखर पेरून गार करून खातात, त्यात वावगं काही नाही, पण रोज नको. पिकलेला टोमॅटो घ्या आणि आधी चिमूटभर मीठ लावून देऊन बघा, मिठानं त्याची स्वतःचीच गोडी वर येते. आणि खाली ताटलीत जो रस सुटतो तो ओतून देऊ नका, बियांभोवतीच्या गिरात ग्लुटामेट, म्हणजे चव वाढवणारा घटक, गरापेक्षा जास्त असतं, सगळी चव तिथंच, भाकरीचा तुकडा त्यात बुडवून द्या, आमची पोरं ताटली पुसून खातात.