पाच महिन्यांचं पिल्लू घरी आणण्याआधी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. त्या पाच महिन्यांच्या गावठी पिल्लावर तुझा जीव जडलाय, हे तू पाठवलेल्या फोटोंवरूनच कळलं. घरच्यांचं म्हणणं असं की आणायचंच तर दीड महिन्याचं आण, म्हणजे लळा लागेल. ही मोठी झालीय, वर एका घरातून परत आलेली आहे.

लळ्याची काळजी आधी मनातून काढून टाक. मालक गेल्यावर पोरकी झालेली, चांगली आठ-दहा वर्षांची कुत्री नव्या माणसांच्या मागे-मागे फिरताना मी पाहिली आहेत. आणि दीड महिन्याचं पिल्लू आईपासून तोडूच नये. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीबद्दलच्या २०१७ च्या नियमांनी बंदीच आहे. दत्तक घेतानाही तेच पाळावं, कारण किती जोरात चावलं की समोरच्याला लागतं, हे पिल्लू आई आणि भावंडांमध्येच शिकतं.

वयाशी खरोखर बांधलेली गोष्ट वेगळी आहे. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याला आपल्या जगातलं वाटतं. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत बार हार्बरच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून हे तपासलं आणि १९६५ साली मांडलं. त्या आठवड्यांनंतर भेटणाऱ्या नव्या गोष्टीकडे कुत्रं आधी संशयाने बघतं. तुझ्या पिल्लाचा तो काळ संपलेला आहे. म्हणून तिचं वय विचारत बसण्यापेक्षा ते पाच महिने कुठे आणि कोणात गेले, ते विचार. माणसांच्या घरात, मिक्सर, कुकरची शिट्टी, दारावरची बेल, लहान मुलं यांच्यात गेले असतील तर पाच महिने ही जमेची बाजू आहे. गच्चीवर बांधून किंवा पिंजऱ्यात गेले असतील, तर ती रस्त्यावर पाऊल टाकायलाही घाबरेल. ते सुधारतं, पण त्याला महिने लागतात, आणि तेवढी सवड तुझ्याकडे आहे का, हे तुलाच ठाऊक.

रविवारी भेटायला जाशील तेव्हा लगेच तिला उचलून घेऊ नकोस. जमिनीवर बस, तिच्याकडे टक लावून बघू नकोस, तिला येऊ दे. थोड्या वेळाने जरा अंतरावर किल्ल्यांचा जुडगा खाली पडू दे. ती दचकेल, कान मागे जातील, कदाचित सोफ्यामागे पळेल. त्याचं काही वाटून घेऊ नकोस. पुढे काय होतं ते पाहा. मागचे पाय तिथेच रोवून, मान लांब करून, नाक हलवत ती किल्ल्यांकडे यायला लागली, हुंगलं आणि शेपूट पुन्हा सैल झाली, तर तिचं मन भक्कम आहे. अर्धा तास झाला तरी ती कोपऱ्यात आकसून, खाऊ दाखवला तरी तोंड फिरवून बसली, तर तू काय पत्करते आहेस ते नीट समजून घे. भीती प्रत्येकच पिल्लाला वाटते. सावरायला किती वेळ लागतो, यावरून मी कुत्रं पारखते. आणि एका भेटीवर ठरवू नकोस. दुसऱ्यांदा जा, तेव्हा रस्त्यावर चक्कर मारून ये.

परत का आली, हे आडपडदा न ठेवता विचार. 'फार त्रास देते' एवढ्यावर समाधान मानू नकोस. चपला आणि सोफा कुरतडते म्हणून परत केली असेल, तर त्यात तिचा दोष नाही. चार ते सात महिन्यांच्या दरम्यान अठ्ठावीस दुधाचे दात पडून बेचाळीस पक्के दात येतात, हिरड्या शिवशिवतात, पिल्लू हाती लागेल ते चावतं. 'दिवसभर एकटी ठेवली की भुंकते' हेही बहुतेक वेळा एकटं राहायची सवय न लावल्यामुळे होतं. मात्र जेवणाच्या भांड्याजवळ गेल्यावर गुरगुरते, कुणाला चावली आहे, असं काही असेल तर आणण्याआधी जाणत्या प्रशिक्षकाला दाखव.

लसीचं कार्ड मागून घे. पार्व्हो आणि डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या आजारांवरच्या लसीचा शेवटचा डोस सोळाव्या आठवड्यानंतर झालेला हवा, कारण त्याआधी आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीच्या आड येऊ शकते. रेबीजची लस तीन महिन्यांनंतरची हवी. हे सगळं पूर्ण असेल तर लहान पिल्लांना ज्या पार्व्होची सर्वांत जास्त धास्ती असते, त्यातून ती बरीचशी बाहेर आली आहे. पावसाळा आहे, तेव्हा गोचिडांसाठी काय देतात तेही विचार.

आता तुझ्या घराबद्दल. नऊ तास ऑफिस आणि जाण्या-येण्याचा वेळ धरला, तर पाच महिन्यांचं पिल्लूही तेवढा वेळ शू धरू शकत नाही. चार-पाच तासांच्या पुढे ताणू नये. दुपारी येऊन तिला खाली नेणारं कुणीतरी आधी ठरव, मग पिल्लाचं ठरव. माझ्या मते तुझा निर्णय इथेच अडायला हवा, वयापाशी नाही. सोसायटीला नुसता ठराव करून कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही, पण तू भाड्याने राहतेस. करारनामा वाच आणि मालकांशी स्पष्ट बोल. घर सोडायची वेळ आली म्हणून ती दुसऱ्यांदा परत जायला नको.

सहा महिन्यांनंतर ती ऐकेनाशी होईल, हाक मारली तरी वळून बघणार नाही. ते वयच तसं असतं, तेव्हा धीर सोडू नकोस. नसबंदी कधी करायची ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचार. पहिल्या दिवाळीत फटाके सुरू व्हायच्या आत तिला फिरवून आण.

आणायचं ठरलं तर शुक्रवारी संध्याकाळी आण, म्हणजे पुढचे दोन दिवस तू घरी असशील. फॉस्टरकडे, म्हणजे सध्या तिला तात्पुरतं सांभाळणाऱ्यांकडे, जे खाते तेच आठवडाभर दे, आणि तिच्या अंथरुणातलं एखादं न धुतलेलं फडकं मागून आण. लगेच मैत्रिणींना बघायला बोलावू नकोस. बाहेर नेताना नुसता गळपट्टा नको, अंगावर हार्नेस घाल आणि दोरी मनगटाला गुंडाळून धर. नव्या घरातलं कुत्रं पहिल्या दिवसांतच दचकून निसटतं, आणि त्याला अजून परतीचा रस्ता माहीत नसतो. गळ्यात तुझा फोन नंबर कोरलेला बिल्ला तिला आणायच्या आधीच करून ठेव.

तुझी,
मावशी