आधी नळी कापून बघ

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. शेतकऱ्यांसाठी पुस्तिका लिहायच्या तुझ्या कामासाठी कंपनी एकाच प्रशिक्षणाचे पैसे देणार आहे. एकीकडे पुण्यातला तांत्रिक लेखनाचा अभ्यासक्रम, दुसरीकडे जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेर या केळीच्या पट्ट्यात ठिबकवाल्यांबरोबर तीन महिने. तू मराठीत एम. ए. झालेली; भाषा हेच माझं बळ, मग तेच वाढवू की काही कळत नाही तिथे शून्यापासून सुरू करू, असं विचारतेस. पत्राच्या शेवटापर्यंत तुला थांबवत नाही. वावरात जा. आधी विषय, मग वाक्य.

हे मी कशाच्या जोरावर सांगतो ते ऐक. मी नोकरीत नवा असताना केळीला ठिबकमधून खतं देण्याची पुस्तिका माझ्याकडे आली. मसुदा इंजिनिअरचा होता. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या दिवशी सोडा. फॉस्फोरिक ॲसिड वेगळ्या दिवशी सोडा. दोन्ही एका टाकीत कालवू नका. मधल्या वेळात साध्या पाण्याने नळ्या धुवा. मला ते शाळकरी वाटलं, तेच तेच शब्द. मी चारांचं एक वाक्य केलं: 'कॅल्शियम नायट्रेट व फॉस्फोरिक ॲसिड ही खते आठवड्यातून एकदा ठिबकद्वारे द्यावीत.' वाक्य घोटीव झालं, साहेबांनी कौतुक केलं. छापण्याआधी ते पान परत त्या इंजिनिअरला दाखवावं, हे मला सुचलंही नाही.

कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र आले की पाण्यात न विरघळणारा पांढरा साका तयार होतो. मला ते माहीत नव्हतं. सावद्याजवळच्या एका कांदेबागेत, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीच्या बागेत, सालदाराने पुस्तिकेत छापलं होतं तसं केलं, दोन्ही खतं एकाच ड्रममध्ये. मे महिना, आपल्याकडचं ऊन, बाग निसवायला, म्हणजे केळफूल बाहेर पडायला आलेली, आणि ओळीच्या ओळी कोरड्या पडायला लागल्या. मला तिथे नेलं तेव्हा मालक एक शब्द बोलला नाही. त्याने नळी कापली आणि आतला ड्रिपर, म्हणजे पाणी ठिबकवणारा तुकडा, माझ्या तळहातावर ठेवला. पाण्याची वाट चुना भरावा तशी भरलेली. सालदार बाजूला उभा होता. त्याला वाटत होतं, चूक त्याची झाली. त्याचा तो चेहरा माझ्या मनातून आजही जात नाही.

म्हणून 'शैली सुधारली की विषय हळूहळू येईल' हे तुझं वाक्य वाचून मला राग आला. येत नाही, पोरी. शैली हातात असली की न कळलेल्या जागेवरून माणूस सफाईने पुढे निघून जातो, आणि वाचणाऱ्यालाही तिथे अडखळू देत नाही. इंजिनिअरचं ओबडधोबड वाक्य शेतकऱ्याला कळलं नाही तर तो दुकानदाराला विचारतो, फोन करतो. माझं वाक्य त्याला लगेच कळलं. त्यानेच घात झाला.

तू म्हणशील, तज्ज्ञांचं लिहिलेलं कुणाला धड वाचता येत नाही. खरं आहे. अर्धं आयुष्य मी त्यांचे मसुदे उपसले आहेत. पण त्यावरचा उपायही विषयातच आहे. तुझ्या नमुन्याच्या पानावर 'पुष्पधारणेच्या अवस्थेत' असं लिहिलंयस. इथे केळ निसवते. मृगाला लावलेली मृगबाग केव्हा निसवते, कांदेबाग केव्हा, हे बांधावर उभं राहून विचारलं असतंस तर शब्द आपोआप मिळाला असता. पुढे लिहितेस, 'व्हेंच्युरी सुरू करून खत सोडावे.' व्हेंच्युरी, म्हणजे पाण्याच्या नळीत खत ओढून घेणारा भाग, दाबाच्या फरकावर चालते. मेन लाइनचा व्हॉल्व्ह थोडा आवळल्याशिवाय ती खत ओढतच नाही. तू एकदा तो व्हॉल्व्ह हाताने आवळला असतास तर हे गाळलं नसतंस. ॲसिडने नळ्या धुण्याचं पानही तसंच. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, ही सूचना तू पाचव्या ओळीत, कृतीच्या नंतर टाकली आहेस. वाचणारा तोवर ओतून मोकळा झालेला असतो. सूचना कुठे यावी हे कुठला अभ्यासक्रम तुला वरवर सांगेल, पण हातमोजे घालून ड्रमपाशी उभी राहिलीस की ती तुझ्या हातून पहिल्या ओळीतच पडेल. आधी विषय.

पुढे माझ्या हाताखाली मुलं आली तेव्हा मी नियम केला: पहिले सहा महिने लिहायचं नाही, फिल्टर उघडायचे, धुवायचे, आतल्या-बाहेरच्या प्रेशर गेजचे आकडे वहीत टिपायचे. काही जण सोडून गेले. त्यातल्या एकीची भाषा तुझ्याहून सरस होती, आणि ती गेली याचं मला वाईट वाटतं. थोडं सैल सोडलं असतं तर ती टिकली असती, असं घरातसुद्धा ऐकलं. मी हट्टी आहे असं साहेब वरपर्यंत लिहून कळवायचे. असेन. पण त्या वर्षांत आमच्या टेबलावरून गेलेल्या एकाही पानामुळे कुणाची बाग सुकल्याचं माझ्या कानावर आलं नाही. मी तो नियम आजही मागे घेणार नाही.

तुझी भाषा वाया जाईल ही भीती सोड. ती तुझ्याजवळच राहणार आहे. तीन महिन्यांनी तीच चार वाक्यं तुझ्यासमोर आली तर कुठलं जोडायचं आणि कुठल्याला हात लावायचा नाही, हे तुला कळेल. पुण्याचा अभ्यासक्रम पुढच्या वर्षीही असेल. लागलं तर त्याच्या फीचं मी बघतो, संकोच करू नकोस.

फैजपूरला उतरलीस की फोन कर. कपडे जुने घाल, केळीच्या चिकाचे डाग जात नाहीत. सकाळी सहाला निघावं लागेल. सोबत त्या इंजिनिअरच्या मसुद्याची झेरॉक्स पाठवतो आहे. लाल काट माझी आहे.

तुझा,
काका