तेराव्या मजल्याची सूट घ्यावी की सोडावी?

प्रश्न: घोडबंदर रोडवर बांधकाम सुरू असलेल्या एका टॉवरमध्ये आम्ही टू बीएचके बघितला. कार्पेट ७६० चौरस फूट, फ्लोअर राइज, म्हणजे वरच्या प्रत्येक मजल्यामागे वाढणारा दर, फुटाला ६० रुपये. १५०४ चा भाव ९७ लाख आणि अगदी तसाच १३०४ हा ९२ लाख, कारण तेरावा मजला जात नाहीये. सासूबाई त्यांच्या ठेवीतले १५ लाख देणार आहेत, पण तेरा म्हणजे माणूस गेल्यानंतरच्या दिवसाचा आकडा, आणि १३०४ ची बेरीज आठ, म्हणजे शनी, असं त्यांचं म्हणणं. बिल्डर म्हणतो, पाटीवर ‘१२ए’ लावून देतो, पण मग ९५ लाख. घर राहायलाच हवंय. पुढे कधी विकायला काढलं तर नुकसान होईल का? काय करावं?

उत्तर: ताई, आधी हे पाच लाख सोडवून बघू, कारण सगळा फरक तेरा आकड्याचा नाही. १५०४ दोन मजले वर आहे. मजल्यामागे फ्लोअर राइज ४५,६०० रुपये, म्हणजे दोन मजल्यांचे ९१,२००. ते आकडा कुठलाही असता तरी भरावेच लागले असते. उरले ४ लाख ९ हजार. ही तेराची खरी सूट, साधारण सव्वाचार टक्के. शिवाय पाच लाखांवरचं ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि ५ टक्के जीएसटी वाचतं, म्हणजे आणखी ६० हजार. आणि ते पाच लाख कर्जात गेले तर साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांत महिन्याला सुमारे ४,३४० रुपयांप्रमाणे १० लाख ४१ हजार फेडावे लागतील.

आता विकण्याची तुमची भीती. ती खोटी नाही. आज ज्या कारणाने तुम्हाला सूट मिळतेय, त्याच कारणाने पुढचं गिऱ्हाईक तुमच्याकडे सूट मागेल. म्हणून मी वाईटातलं वाईट धरते: पंधरा वर्षांनी तुम्हालाही सव्वाचार टक्के सोडावे लागले. घराचे भाव वर्षाला ५ टक्क्यांनी वाढले तर त्या वेळची सूट साडेआठ लाखांच्या घरात जाईल. पण आज वाचलेले ४ लाख ९ हजार म्हणजे तेवढं कमी काढलेलं कर्ज, आणि साडेआठ टक्क्यांनी पंधरा वर्षांत त्याचे जवळपास १४ लाख होतात. घराचा भाव कर्जाच्या व्याजापेक्षा हळू वाढतो तोवर, तीच सूट पुढे द्यावी लागली तरी तुम्ही फायद्यातच आहात. भाड्याने दिलंत तर भाडेकरू पाणी, पार्किंग आणि स्टेशनचं अंतर बघतो. मात्र चार-पाच वर्षांत घाईने विकायची शक्यता असेल तर १३०४ नको. काही गिऱ्हाईकं आकडा ऐकूनच परत फिरतील, आणि घाईत असलेल्याला थांबणं परवडत नाही.

ही सूट मुळात किती टिकते, हे त्या भागात कोण घरं घेतं यावर ठरतं. कॅनडातल्या व्हँकुव्हर परिसरातल्या घरविक्रीचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. चिनी लोक चार अशुभ आणि आठ शुभ मानतात. चिनी वस्ती जास्त असलेल्या भागांत, चारने संपणाऱ्या क्रमांकाची घरं २.२ टक्के स्वस्त आणि आठने संपणारी २.५ टक्के महाग विकली गेली होती. म्हणजे सासूबाईंना नको असलेल्या आठासाठीच तिथे लोक जास्त पैसे मोजतात. तुम्हाला मिळणारी सूट तिथल्या चाराच्या सुटीच्या जवळपास दुप्पट आहे. सौदा म्हणून ती चांगलीच आहे.

‘१२ए’च्या पाटीला मात्र मी साफ नाही म्हणेन. एका अक्षरासाठी तीन लाख, वर कर धरून ३ लाख ३६ हजार. महापालिकेच्या मंजूर नकाशात मजला तेरावाच राहणार आणि पुढचं गिऱ्हाईक लिफ्टमध्ये बाराच्या पुढचं बटण बघून काय ते समजणारच. उलट करारनाम्यात एक क्रमांक, नकाशात दुसरा, इंडेक्स टू वर (नोंदणी झालेल्या व्यवहाराच्या सरकारी उताऱ्यावर) तिसरा असं झालं, तर बँकेचा वकील फाइल अडवतो. व्हँकुव्हर महापालिकेने २०१५ मध्ये नव्या इमारतींत मजल्यांचे आकडे गाळायलाच मनाई केली, कारण आग लागली की अग्निशमन दलाला खरा मजला कळायला हवा. हाँगकाँगमध्ये २००९ साली ३९ कॉन्ड्युइट रोड या ४६ मजली इमारतीत सर्वांत वरच्या मजल्याला ८८ क्रमांक दिला होता. ‘६८व्या’ मजल्यावरचं घर ४३.९ कोटी हाँगकाँग डॉलरला गेल्याचं जाहीर झालं, जगभर बातम्या आल्या आणि पुढच्या वर्षी तिथले २४ पैकी २० सौदे रद्द झाले. शुभ आकड्यांनी ते सौदे काही वाचले नाहीत.

आता सासूबाई. इथे मला जास्त काळजी वाटते. १५ लाख त्यांनी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर ८.२ टक्क्यांनी महिन्याला सव्वादहा हजार पडतात. तेवढं हक्काचं उत्पन्न त्या या घरासाठी सोडतायत. त्यामुळे ‘आकडेमोड आमच्या बाजूने आहे’ म्हणून त्यांचं मन डावलणं मला पटत नाही. तेराव्या दिवसाशी जोडलेली त्यांची आठवण खरी असेल, कुणाच्या तरी जाण्याची असेल. त्यांच्याशी बोला. प्रदोषाचा उपास त्रयोदशीलाच असतो आणि धनत्रयोदशीला आपण हौसेने सोनं घेतो, हेही बोलण्यात येऊ द्या. अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, त्यामुळे त्यांचा तेरावा तो आपला बारावा. पण वाद जिंकायला म्हणून यातलं काही वापरू नका. त्यांना एकदा साइटवर न्या, सँपल फ्लॅटमध्ये त्यांची खोली कुठली ते दाखवा आणि त्यांना ठरवू द्या.

त्या मनापासून हो म्हणाल्या तर १३०४ घ्या. पाटी १३०४ चीच ठेवा आणि करारनाम्यात सहमालक म्हणून त्यांचं नाव घाला. टोकन देण्याआधी रेडीरेकनरची किंमत, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेली किंमत, काढून बघा. ती खरेदीच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त वर गेली, तर फरक तुमचं उत्पन्न धरून त्यावर आयकर लागतो. घसघशीत सूट घेताना लोक हे विसरतात. महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या) साइटवर मंजूर नकाशा उघडून तुमचा मजला आणि कार्पेट जुळतं का, तेही तपासा.

त्या नाही म्हणाल्या तर पाच लाख जास्त भरून १५०४ कडे जाऊ नका. ११०४ चा भाव विचारा. फ्लोअर राइजच्या हिशेबाने तो ९५ लाख १८ हजारांच्या आसपास बसायला हवा, म्हणजे करांसकट १५०४ पेक्षा दोन लाखांनी स्वस्त. त्याच्या आकड्याची बेरीज सहा येते, त्यामुळे त्यावर घरात वाद व्हायचं कारण नाही. बिल्डरने त्याहून जास्त सांगितलं तर फ्लोअर राइजचा तक्ता समोर ठेवून घासाघीस करा.