घड्याळ बदलताना : धावपटूंचे प्रश्न

प्रश्न : गेली काही वर्षे मी एकाच कंपनीचे जीपीएस घड्याळ वापरत आहे. आता त्याची बॅटरी लांब पल्ल्याच्या धावेत शेवटपर्यंत टिकत नाही, म्हणून दुसऱ्या कंपनीचे घड्याळ घेण्याचा विचार आहे. जुन्या अ‍ॅपमधील सगळ्या नोंदी नव्या अ‍ॅपमध्ये नेता येतील का? आमच्या गटातील एका मित्राने घड्याळ बदलले, तेव्हा त्याचा व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते, तो आकडा) एकदम उतरला आणि नेहमीच्या रस्त्याचे अंतरही वेगळे दिसू लागले. मला जानेवारीत मुंबईत पूर्ण मॅरेथॉन धावायची आहे. घड्याळ आता बदलावे की नंतर? (एक वाचक, पुणे)

उत्तर : घड्याळ जे प्रत्यक्ष नोंदवते, म्हणजे स्थान, वेळ, उंची आणि हृदयाचे ठोके, ते फाइलच्या रूपाने आपल्याला जुन्या अ‍ॅपमधून बाहेर काढता येते. त्या नोंदींवरून कंपनी आपल्या सूत्राने जे अंदाज बांधते, म्हणजे व्हीओटू मॅक्स, सरावाचा भार किंवा विश्रांतीचे सुचवलेले तास, ते मात्र त्या कंपनीपुरतेच असतात आणि नव्या घड्याळात पुन्हा पहिल्यापासून तयार व्हावे लागतात. आपल्या मित्राची क्षमता घटलेली नसून अंदाज बांधणारा बदलला आहे. नव्या घड्याळाला त्याचा वेग आणि ठोके यांचा मेळ अजून पुरेसा ठाऊक नाही. त्यातच कमाल ठोक्यांचा आकडा वयावरून आपोआप भरलेला असेल, तर अंदाज आणखी चुकतो. पहिले काही आठवडे तो आकडा न पाहिलेलाच बरा.

फाइल काढताना शक्य असेल तेथे ‘फिट’ (FIT) हे घड्याळाच्या मूळ नोंदीचे फाइल-स्वरूप निवडावे. जीपीएक्स हे मुळात मार्गासाठी बनवलेले स्वरूप असल्याने त्यात लॅपची, म्हणजे धावेच्या टप्प्यांची, विभागणी राहत नाही. टीसीएक्स या तिसऱ्या स्वरूपात लॅप आणि ठोके दोन्ही येतात. पुढचा प्रश्न नवे अ‍ॅप या फाइली घेते का, हा आहे. गार्मिन कंपनीच्या ‘गार्मिन कनेक्ट’मध्ये या तिन्ही प्रकारच्या फाइली चढवता येतात, पण प्रत्येक कंपनी ही सोय देतेच असे नाही, त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी एवढे तपासावे. अनेक धावपटू सगळ्या धावा स्ट्राव्हासारख्या, कोणत्याही घड्याळाच्या नोंदी ठेवणाऱ्या तिसऱ्या ठिकाणी साठवतात, म्हणजे घड्याळ कोणतेही असले तरी इतिहास एकसलग राहतो. तेथून जुन्या धावा आपोआप नव्या घड्याळाच्या अ‍ॅपमध्ये उतरतील, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. फाइली संगणकावर उतरवून, त्यांतील दोनचार उघडून पाहिल्याशिवाय जुने खाते बंद करू नये.

हृदयगतीच्या झोनकडे, म्हणजे सरावाच्या तीव्रतेनुसार पाडलेल्या ठोक्यांच्या टप्प्यांकडे, लोकांचे सर्वांत कमी लक्ष जाते आणि सरावाचा गोंधळ तेथेच होतो. काही घड्याळे झोन कमाल ठोक्यांच्या टक्केवारीने ठरवतात, काही विश्रांतीचे ठोके वजा करून उरणाऱ्या राखीव ठोक्यांवरून, तर काही लॅक्टेट थ्रेशोल्डवरून, म्हणजे ज्या तीव्रतेपुढे रक्तात लॅक्टेट झपाट्याने साचू लागते त्या पातळीवरून. समजा, आपले कमाल ठोके १८० आणि विश्रांतीचे ६० आहेत. पहिल्या पद्धतीने ६० ते ७० टक्क्यांचा झोन १०८ ते १२६ येतो, तर दुसऱ्या पद्धतीने तोच १३२ ते १४४ येतो. नाव दोन्हीकडे ‘झोन २’ असेल, पण एकात आपण जवळजवळ चालत असाल आणि दुसऱ्यात सहज धावत असाल. म्हणून जुन्या घड्याळातील झोनच्या सीमा कागदावर उतरवून घ्याव्यात आणि नव्यात हाताने भराव्यात.

अंतरातील फरकाबद्दल सांगायचे, तर दोन्ही घड्याळे अंदाजच करत असतात. उंच इमारतींवर आदळून येणारे उपग्रहांचे संदेश उशिरा पोहोचतात आणि मार्गाची रेषा वाकडी होते. स्पर्धेचा प्रमाणित मार्ग मात्र सायकलने, सर्वांत जवळच्या रेषेवरून आणि दर किलोमीटरला एक मीटर जादा धरून मोजलेला असतो. गर्दीत डावी-उजवीकडे होत धावणाऱ्याच्या मनगटावर त्यामुळे ४२.१९५ ऐवजी ४२.७ किलोमीटर दिसणे अजिबात नवलाचे नाही. घड्याळात किलोमीटरला ६ मिनिटांचा वेग पाळून ४ तास १३ मिनिटांत पोहोचू, असा हिशेब केलेला धावपटू अशा वेळी ४ तास १६ मिनिटांनी पोहोचतो आणि दोष पायांना देतो. स्वयंचलित लॅप बंद ठेवून मार्गावरील किलोमीटरच्या फलकाजवळ स्वतः बटण दाबावे, हा जुना उपाय आजही सर्वांत भरवशाचा आहे.

हे बटण डोळे मिटून सापडायला हवे, म्हणून माझे मत स्पष्ट आहे : स्पर्धेला किमान दोन महिने असतील तर आता बदला, नसतील तर जुने घड्याळच घालून धावा. त्यातील संगीत, सूचना आणि स्क्रीनचा प्रकाश बंद केल्यास बॅटरी बरीच पुरते. बदललेच, तर काही धावा दोन्ही घड्याळे दोन वेगळ्या मनगटांवर बांधून कराव्यात, म्हणजे दोघांतील तफावत कोणत्या दिशेने आहे ते कळेल.

प्रश्न : दुहेरी वारंवारितेच्या घड्याळासाठी जास्त पैसे मोजावेत का? मी बहुतेक वेळा रंकाळ्याभोवती धावतो. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : केवळ त्यासाठी मोजू नयेत. अशी घड्याळे १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या जोडीला ११७६.४५ मेगाहर्ट्झवरील संदेशही घेतात आणि त्यामुळे सरळ आलेला संदेश व भिंतीवरून परतलेला संदेश यांतला फरक त्यांना अधिक चांगला कळतो. उंच इमारतींच्या गल्ल्यांत किंवा डोंगराच्या कड्याखाली हा फायदा दिसतो, पण तलावाकाठच्या मोकळ्या आकाशाखाली साधे घड्याळही पुरेसे अचूक चालते. शिवाय ही सोय चालू ठेवल्यास बॅटरी लवकर उतरते.

प्रश्न : माझा छातीचा पट्टा जुना आहे. तो नव्या घड्याळाला जोडता येईल का? जुने घड्याळ भाचीला द्यायचे आहे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पट्टा ब्लूटूथ किंवा अँट प्लस (ANT+) या बिनतारी पद्धतीवर चालणारा असेल आणि नवे घड्याळ तीच पद्धत स्वीकारत असेल, तर कंपनी वेगळी असूनही तो जोडला जातो. फक्त ५ किलोहर्ट्झवर चालणारे फार जुने पट्टे मात्र आजच्या बहुतेक घड्याळांना ओळखू येत नाहीत. भाचीला घड्याळ देण्यापूर्वी त्यातील शेवटच्या धावा अ‍ॅपमध्ये उतरवाव्यात, आपल्या खात्यातून ते काढून टाकावे आणि नंतरच आतील माहिती पुसावी. अन्यथा तिच्या धावा आपल्या खात्यात जमा होत राहतील.