मामांचा झोपाळा आणा, सव्वा लाखाचा पलंग राहू द्या

पुण्यातल्या वडगावहून एका ताईंनी लिहिलं आहे. दोन बेडरूमच्या नव्या फ्लॅटचा ताबा मिळालाय. इंटिरियरवाल्याने पूर्ण घराचं 7 लाख 20 हजारांचं कोटेशन दिलंय. त्यासाठी 4 लाखांचं पर्सनल लोन घ्यावं, 13 टक्क्यांनी, चार वर्षांचं, आणि बाकीचे मुदत ठेव मोडून द्यावेत, असं यजमानांचं म्हणणं. ताईंच्या मनात वेगळंच आहे. वाईचा मामांचा वाडा पाडायला निघालाय आणि मामा म्हणतात, "लागेल ते घेऊन जा." त्यात पितळी कड्यांचा सागवानी झोपाळा आहे, आरशाचं कपाट आहे, वेताच्या दोन आरामखुर्च्या आहेत. जेवणाचं टेबल त्यांनी जुन्या बाजारात 14 हजारांना पाहून ठेवलंय. शिवाय एका दुकानातला कोरीव शिसवी पलंग मनात भरलाय. किंमत 1 लाख 25 हजार. दुकानदार म्हणतो, अँटिक आहे, दहा वर्षांत दुप्पट होईल. यजमान म्हणतात, नव्या घरात भंगार नको. दोघांचे मिळून हातात 1 लाख 35 हजार येतात. गृहकर्जाचा हप्ता 46 हजार, घरखर्च 50 हजार, एसआयपी 20 हजार. मुदत ठेव 5 लाख 80 हजारांची. मुलगी तीन वर्षांची.

ताई, आधी ते कोटेशन पुन्हा उघडा आणि अगदी शेवटची ओळ वाचा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तिथे बारीक अक्षरात लिहिलंय, 'जीएसटी वेगळा'. इंटिरियरच्या कामावर तो 18 टक्के लागतो. म्हणजे 7 लाख 20 हजारांवर आणखी 1 लाख 29 हजार 600 रुपये. तुमच्या घरातला सगळा वाद 7 लाख 20 हजार धरून चाललाय, पण खरा आकडा 8 लाख 49 हजार 600 आहे. 'बिल नको असेल तर जीएसटी सोडून देऊ' असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. बिल नसेल तर उद्या फुगलेल्या प्लायवुडची तक्रार करणं अवघड जाईल.

आता कर्ज. 4 लाख, 13 टक्के, 48 हप्ते. हप्ता साधारण 10 हजार 730 रुपये बसतो आणि चार वर्षांत व्याजच सुमारे 1 लाख 15 हजार जातं. तेही मला एक वेळ चाललं असतं. मला खरी काळजी मुदत ठेवीची आहे. तुमचा हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला 96 हजार. सहा महिन्यांचे 5 लाख 76 हजार. तुमची ठेव 5 लाख 80 हजार. तुम्ही तिला 'पडून असलेले पैसे' म्हटलंय, पण नोकरी गेली किंवा घरात आजारपण आलं तर हप्ता भरायला तेवढाच आधार आहे. यजमानांच्या हिशेबाने गेलात तर जीएसटी धरून ठेवीत 1 लाख 30 हजार उरतात आणि महिन्याची गरज 1 लाख 7 हजारांवर जाते. जेमतेम सव्वा महिन्याची सोय. घरात लहान मूल आणि डोक्यावर एवढं गृहकर्ज असताना हे मी कोणालाच करू देणार नाही. बँक गृहकर्जावर टॉप-अप, म्हणजे त्याच कर्जावर वाढीव रक्कम, देऊ करेल, दरही कमी दिसेल. तेही नको. सोफ्याचे पैसे वीस वर्षं फेडत बसायचं कारण नाही.

म्हणून मूळ प्रश्नावर मी तुमच्या बाजूने आहे. मामांच्या वस्तू आणा.

पण यजमानांच्या बोलण्यातही तथ्य आहे, ते उडवून लावू नका. जुन्या फर्निचरबरोबर घरात ढेकूण येतात, वाळवी येते, भुंगा येतो. कापडी सोफा आणि वापरलेली गादी कोणी फुकट दिली तरी घेऊ नका, फक्त लाकूड आणि लोखंड घ्या. स्वयंपाकघरही नवंच करा, कारण तिथे पाणी, तेल आणि वाफ रोजची. ओट्याखाली आयएस 710 शिक्क्याचं, म्हणजे पाण्याला टिकणारं, प्लायवुड लावून घ्या. तुमच्या कोटेशनमध्ये स्वयंपाकघर आणि एका बेडरूमचं कपाट एवढंच वेगळं काढलं तर जीएसटीसकट 1 लाख 90 हजार होतात. तेवढं काम त्याच माणसाला द्या.

वाईला जाल तेव्हा पॉलिशकडे बघू नका, ड्रॉवर बाहेर काढून त्याची मागची आणि खालची बाजू बघा. तिथे कोणी पॉलिश करत नाही, त्यामुळे लाकूड खरं बोलतं. सागवान असेल तर नखाने खरवडल्यावर ओळखीचा तेलकट वास येतो. गडद रंग चढवून हलकं लाकूड सागवान म्हणून खपवलं असेल, तर ते इथेच उघडं पडतं. जोड बघा: लाकडात लाकूड बसवलेलं असेल तर सांधा पुन्हा घट्ट करता येतो, नुसत्या खिळ्यांवर उभं असेल तर खर्च वाढतो. पायांवर बोटाने टकटक करा. आवाज पोकळ आला किंवा खाली पिठासारखी ताजी भुकटी दिसली, तर आत भुंगा आहे. म्हणून वस्तू टाकून द्यायला नको. औषध मारून घ्या, खाली पांढरा कागद अंथरून दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा आणि कागदावर नवी भुकटी पडली नाही तरच घरात घ्या. पाय पूर्ण पोखरलेला असेल तर मात्र सुतार नवा पाय करायचे पैसे मागेल, ते आधीच विचारून घ्या.

एका गोष्टीसाठी मी हट्ट धरणार आहे. कपाटावर हिरव्या ऑइलपेंटचे थर आहेत असं तुम्ही लिहिलंय. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 1 नोव्हेंबर 2017पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगांत शिसं किती असेल, सांगता येत नाही, आणि कोरड्या पॉलिशपेपरने घासलं की ते धुळीत उतरतं. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो. तेव्हा तो रंग फ्लॅटच्या गॅलरीत अजिबात घासायचा नाही. सुताराच्या कारखान्यात, रंग सोडवायचं द्रव्य लावून ओलाच खरवडून काढायचा आणि मगच कपाट घरी आणायचं. त्याचे दोन-तीन हजार जास्त गेले तरी जाऊ द्या.

खर्चाचा तुमचा अंदाज ठीक आहे, थोडा आशावादी आहे. वाईहून टेम्पो आणि दोन्हीकडची हमाली 9 हजार, दुरुस्ती आणि पॉलिश 38 हजार, खुर्च्यांची वेताची वीण 6 हजार, जुन्या बाजारातलं टेबल 14 हजार. एकूण 67 हजार. जुन्या लाकडात आत काय निघेल हे उघडल्याशिवाय कळत नाही, म्हणून वर 15 हजार बाजूला ठेवा. सुताराला काम रोजावर न देता अंगावर, म्हणजे ठरलेल्या रकमेत, द्या आणि वस्तूगणिक रक्कम लिहून घ्या. झोपाळ्याला आणि कपाटाला लाखेचं, स्पिरिटवरचं फ्रेंच पॉलिश पुरतं. ते स्वस्त पडतं आणि पुढे घरच्या घरी उजळता येतं. टेबलावर मात्र गरम भांड्याचे आणि पाण्याचे डाग पडतात, तिथे मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश लावून घ्या.

झोपाळ्याबाबत थोडं सबुरीने. स्लॅबला कड्या ठोकायच्या आधी बिल्डरच्या इंजिनिअरला लेखी विचारा. काही नव्या इमारतींत स्लॅबमध्ये ताणलेल्या तारा असतात, त्यात ड्रिल गेलं तर मोठा धोका आहे. शिवाय रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याने, ताब्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर असते. न विचारता पाडलेलं भोक त्या वेळी तुमच्याच अंगावर येऊ शकतं. परवानगी नाहीच मिळाली तर लोखंडी स्टँड करून घ्या. मामांच्या कड्या त्यावरही शोभतील.

आता पलंग. इथे मी तुमच्या बाजूने नाही.

दहा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साधारण 7.2 टक्के. ऐकायला 'दुप्पट' भारदस्त वाटतं, पण पीपीएफवर गेली काही वर्षं 7.1 टक्के मिळताहेत, तेही करमुक्त, सरकारी हमीने आणि पॉलिश न करता. आणि हे दुकानदाराचं म्हणणं खरं ठरलं तर. तुमच्या हातात 2 लाख 50 हजार पडायचे असतील, तर तुमच्याकडून घेणारा व्यापारी स्वतःचा नफा धरून तो पलंग त्याहून बऱ्याच जास्त किमतीला विकू शकला पाहिजे. आज तुम्ही देताय ती किरकोळ किंमत, विकताना मिळेल ती व्यापाऱ्याची किंमत. पहिला तोटा दुकानातून बाहेर पडतानाच होतो.

'अँटिक' या शिक्क्याचंही तसंच. 1972च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरते. तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे परदेशातले लिलावाचे आकडे दुकानदार सांगत असेल तर ते तुमच्या उपयोगाचे नाहीत, तुमचं गिऱ्हाईक इथलंच. पलंग खरोखर शंभर वर्षांचा असेल तर दुकानदाराला परवाना दाखवायला सांगा आणि बिलावर लाकूड आणि काळ लिहून मागा. त्याने टाळाटाळ केली तर उत्तर मिळालंच. आणखी एक बघा: पलंगाच्या आतल्या बाजूचे स्क्रू. फुलीच्या खाचेचे स्क्रू 1930च्या दशकात बाजारात आले. नंतरच्या दुरुस्तीत एखादा बसवलेला असू शकतो, पण सगळेच तसे असतील आणि मागची फळी प्लायवुडची असेल, तर तो पलंग तुमच्या आजीच्याही नंतरचा आहे.

तुम्हाला त्याची नक्षी आवडली आहे, हे मला पत्रातून जाणवतं, आणि आवडीवर पैसे घालवण्यात काही चूक नाही. ते आवडीच्या खात्यात लिहा, गुंतवणुकीच्या नाही. आणि आवडीचं खातं या वर्षी रिकामं आहे. साधा, भक्कम, जुना सागवानी पलंग 25 ते 30 हजारांत बघा. फक्त माप घेऊन जा. जुने पलंग आजच्या गाद्यांच्या मापाचे नसतात, गादी शिवून घ्यावी लागते, तिचे 12-15 हजार धरा.

पैसे कसे आणि कधी, तेही सांगते. स्वयंपाकघर आणि कपाटाचे 1 लाख 90 हजार ठेवीतून काढा. 3 लाख 90 हजार उरतील, चार महिन्यांची सोय राहील, आणि त्याखाली जायचं नाही. एसआयपी चालू ठेवून तुमच्याकडे महिन्याला 19 हजार उरतात. पहिल्या तीन महिन्यांत वाईच्या वस्तूंचं काम त्यातून होईल. टेबल आणि पलंग दिवाळीच्या बोनसमधून घ्या. तोवर जमिनीवर गादी टाकून झोपलात तरी मुलीची मजाच होईल. त्यानंतर दहा महिने तेच 19 हजार ठेवीत परत भरत गेलात की ती होती तेवढी होते, आणि नवं कर्ज एका रुपयाचं नाही.

मामांच्या वस्तू घेण्यावर कर नाही. पुढे कधी ते कपाट विकलंत तरी घरात वापरलेलं साधं फर्निचर म्हणून त्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. घराचा विमा काढाल तेव्हा 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत घरातलं सामानही धरलं जातं. काम झाल्यावर प्रत्येक वस्तूचे फोटो आणि सुताराची बिलं एकत्र ठेवा.

या रविवारी वाईला जाताना यजमानांना बरोबर न्या. टेप आणि टॉर्च घ्या, लिफ्टचं आणि मुख्य दाराचं माप लिहून घ्या. जुनी आरशाची कपाटं बहुतेक वेळा सुटी होतात, पण आरसा वेगळा काढून गोधडीत गुंडाळूनच टेम्पोत ठेवा. पलंगवाल्याला इसार अजून दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल तर किती दिला ते कळवा, मग पुढचं बोलू.