9,000 जमत नाहीत म्हणून शून्य?

नमस्कार. तुमचं पत्र लांबलचक आहे, तेव्हा मुद्दा थोडक्यात मांडते. नाशिकला अंबडच्या कारखान्यात नोकरी, हातात 46,000 येतात. पत्नीच्या शिलाईकामाचे महिन्याला आठ-नऊ हजार. घरखर्च आणि घरकर्जाचा हप्ता मिळून 48,000 जातात. मुलगी सहा वर्षांची. तिच्या इंजिनिअरिंगला आज 8 लाख लागतात असं धरून आणि दर वर्षी 10 टक्के महागाई लावून तुम्ही बारा वर्षांनंतरचे 25 लाख काढलेत. 10 टक्के परतावा धरला तर त्यासाठी महिन्याला 9,000 हवेत. जमतात 5,000. म्हणून दोन वर्षं फक्त एक्सेलची फाइल सुधारणं चाललंय. आता ओळखीतले एक एजंट वर्षाला 60,000 हप्त्याची मुलांसाठीची पॉलिसी गळ्यात घालायला बघतायत.

तुमची आकडेमोड मी तपासली, बरोबर आहे. पण पहिल्या महिन्यापासूनच 9,000 हवेत हे कोणी सांगितलं? 5,000 ने सुरुवात करून दर एप्रिलला 10 टक्के वाढवत गेलात, म्हणजे पुढच्या वर्षी 5,500, मग 6,050, तर त्याच 10 टक्के परताव्याने बारा वर्षांत 22 लाखांच्या आसपास जमतात. शेवटच्या वर्षी हप्ता 14,000 च्या वर गेलेला असेल, आणि पगार तसा वाढला नाही तर हे जमणार नाही, हेही आधीच सांगते. तरी 25 पैकी 20 जमले तर उरलेल्याला शैक्षणिक कर्ज आहेच.

तुमचं दुसरं अडलेलं घोडं म्हणजे 'सर्वोत्तम' म्युच्युअल फंड. शीट क्रमांक सातमध्ये चौदा फंडांची तुलना आहे. समजा तुम्ही डोळे झाकून एक सुमार फंड निवडला आणि त्याने 8 टक्केच दिले. 5,000 प्रमाणे बारा वर्षांत 12 लाख होतात. आणखी दोन वर्षं अभ्यास करून 10 टक्क्यांचा फंड शोधलात, तर उरलेल्या दहा वर्षांत सव्वादहा लाख.

तुम्ही म्हणाल, त्या दोन वर्षांचे पैसे बँकेत असतीलच की, ते एकरकमी टाकू. हिशेबाने खरं आहे. पण तुमच्याच पत्रात तिसऱ्या पानावर लिहिलंय: दोन वर्षांपूर्वी खात्यात 2 लाख 40 हजार होते, आज 1 लाख 60 हजार आहेत. भावाचं लग्न, नवा फोन, गावचं छप्पर. खर्च सगळे रास्त असतील, पण बचत खात्यातल्या पैशाला कामाचं नाव नसलं की तो पाहुण्यासारखा येतो आणि जातो.

माझंही सांगते. 2007 च्या शेवटी मी पहिली एसआयपी, म्हणजे दर महिन्याला फंडात ठरावीक रक्कम टाकणं, सुरू केली, महिना 1,000, तीही इन्फ्रास्ट्रक्चर फंडात (रस्ते, वीज अशा कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या), कारण तेव्हा जो तो त्याचंच बोलत होता. वर्षभरात निम्म्यावर आली. फंड चुकला, तो नंतर बदलला. महिन्याच्या सात तारखेला पैसे कापले जाण्याची सवय मात्र तेव्हापासूनची आहे.

आणि अचूक योजना टिकतेच कुठे? तुमच्या नवव्या शीटमध्ये 2035 साली डेट फंडावर (कर्जरोख्यांत पैसे घालणाऱ्या फंडावर) किती कर पडेल हे काढलंय. 2022 मध्ये कोणी असं शीट केलं असेल, तर 1 एप्रिल 2023 पासूनच्या नव्या गुंतवणुकीला इंडेक्सेशन, म्हणजे महागाईइतका नफा करातून वगळणं, मिळेनासं झालं आणि ते रद्दीत गेलं. जुलै 2024 मध्ये शेअर फंडांचा दीर्घकालीन करही 10 वरून 12.5 टक्के झाला. कराची आकडेमोड मुलगी पंधराची झाली की बघू.

मात्र अर्धवट तयारीने उडी कुठे मारायची नाही, तेही ऐका. एसआयपी उद्या थांबवता येते, कमी करता येते, फंड बदलता येतो. एजंटांची पॉलिसी तशी नाही. 60,000 म्हणजे महिन्याला बरोबर 5,000, तुमची सगळी बचत एका दावणीला बांधलेली. तीन वर्षांनी हप्ता जड झाला आणि सोडायची म्हटली, तर भरलेल्यातलं बरंच कापून हातात येतं. तिला नाही म्हणा. घरातलं माणूस असेल तर चहा पाजून म्हणा.

तर या महिन्यात काय करायचं. 1 लाख 60 हजारांपैकी 1 लाख 44 हजार, म्हणजे तीन महिन्यांचा खर्च, मुदत ठेवीत टाका आणि तो अडीअडचणीचा म्हणून सोडून द्या. उरलेल्या 16,000 तून तुमच्या नावाचा टर्म विमा, म्हणजे ठरावीक मुदतीत तुमचं काही बरंवाईट झालं तरच घरच्यांना पैसे देणारा. मुलीच्या योजनेचा खरा आधार तुमचा पगार आहे आणि तुमच्या अकरा शीटांत विम्याला एक ओळही नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही.

महिन्याच्या 5,000 पैकी 3,500 निफ्टी 50 च्या साध्या इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजारातल्या 50 मोठ्या कंपन्यांच्या त्या यादीप्रमाणेच पैसे लावणाऱ्या फंडात; डायरेक्ट प्लॅन, म्हणजे एजंटाविना थेट, घ्या. 1,500 सुकन्या समृद्धीत, मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेत. जानेवारी 2024 मध्ये तिचा दर 8.2 टक्के झाला. सरकार तो दर तिमाहीला ठरवतं. खातं मुलगी दहाची होईपर्यंतच उघडता येतं. ते 21 वर्षांनी पिकतं, तेव्हा ती 27 ची असेल. शिक्षणासाठी अठराव्या वर्षी मागच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीतली जास्तीत जास्त निम्मी रक्कम निघते. म्हणून सगळं तिथे टाकू नका. पैसे पाच तारखेच्या आत भरा, नाहीतर त्या महिन्याचं व्याज बुडतं.

टपाल कार्यालयात जाताना मुलीचा जन्मदाखला आणि तुमचं आधार-पॅन घेऊन जा. एप्रिलच्या पगाराची चिठ्ठी हातात आली की 5,000 चे 5,500 करून मला कळवा. बारावं शीट मात्र पाठवू नका.