निर्देशांक चढला, मग पैसे कुठे गेले?

प्रश्न : माझ्या उदयोन्मुख बाजारांच्या फंडात इजिप्तचा थोडा हिस्सा आहे. २०२३ मध्ये कैरोच्या शेअर बाजाराचा निर्देशांक जोरात वाढला, म्हणून मी खुशीत होतो. मार्च २०२४ मध्ये इजिप्तच्या पाउंडाचं अवमूल्यन झालं आणि त्या हिश्श्याची डॉलरमधली किंमत धाडकन कोसळली. ताई, निर्देशांक खरा की फंडाचा हिशेब? आणि आता विकून मोकळं व्हावं का?

उत्तर : दोन्ही खरे. निर्देशांक पाउंडात मोजतात, तुमचा फंड डॉलरात. ६ मार्च २०२४ला इजिप्तच्या मध्यवर्ती बँकेनं पाउंड मोकळा सोडला, म्हणजे त्याचा दर बाजारावर सोपवला. डॉलरला सुमारे ३१ पाउंड पडत होते, ते एका दिवसात ५०च्या आसपास गेले. १०० पाउंडांचा शेअर ३ डॉलर २३ सेंटांचा होता, तो २ डॉलरचा झाला. म्हणजे ३८ टक्के गेले. तेवढे भरून यायला शेअर ३८ नव्हे, ६१ टक्के चढायला हवा. ‘पाउंड ३८ टक्के घसरला’ आणि ‘डॉलर ६१ टक्के महागला’ हे दोन्ही मथळे बरोबरच असतात. घाबरवायचं असेल तर दुसरा छापतात.

पण खरी गंमत त्याआधीची. ३१चा दर कागदावरच होता. त्या दरानं डॉलर मागायला गेलात तर मिळत नव्हते, आणि जानेवारीत काळ्या बाजारातला भाव दुपटीवर पोचला होता. तिथल्या कमर्शियल इंटरनॅशनल बँकेचा शेअर कैरोत पाउंडात विकला जातो आणि त्याचीच जीडीआर, म्हणजे त्या शेअरच्या बदल्यात परदेशी बाजारात विकली जाणारी पावती, लंडनमध्ये डॉलरात. कैरोच्या भावाला लंडनच्या भावानं भागलं, की बाजार पाउंडाची काय किंमत करतोय ते दिसतं. हा भागाकार अवमूल्यनाच्या बऱ्याच आधीपासून सरकारी दराला मागे टाकून बसला होता. हातातला पाउंड सडतोय हे ओळखून स्थानिक माणसं शेअर घेत सुटली होती. तुम्हाला दिसलेली तेजी बरीचशी तीच. तुमच्या फंडानं सरकारी दर धरला असणार, त्यामुळे तुमची तेव्हाची रक्कमच फुगलेली होती.

विकायचं की नाही, हे पाउंडाकडे बघून ठरवू नका. कंपनीचं कर्ज कोणत्या चलनात आहे ते बघा. थायलंडमधल्या कंपन्यांनी व्याज कमी म्हणून डॉलरात कर्ज उचललं होतं, कमाई मात्र बाहतमध्ये. २ जुलै १९९७ला बाहत मोकळा झाला, तेव्हा डॉलरला २५च्या आसपास होता. जानेवारी १९९८मध्ये ५०च्या पलीकडे. धंदा तोच, गिऱ्हाईक तेच, आणि कर्ज बसल्या जागी दुप्पट. असा शेअर कितीही स्वस्त दिसला तरी मी हात लावणार नाही. याउलट इजिप्तमधली अबू किरसारखी खत निर्यात करणारी कंपनी डॉलर कमावते आणि पगार पाउंडात देते. अर्थात कच्चा माल डॉलरच्या भावानं घ्यावा लागत असेल तर फायदा तेवढा उरत नाही.

हेजिंग केलेला, म्हणजे चलन घसरलं तर होणाऱ्या तोट्यापासून आधीच संरक्षण विकत घेतलेला फंड घ्यावा, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. हेजिंगचा खर्च साधारण दोन देशांच्या व्याजदरांतल्या फरकाएवढा असतो. मार्च २०२४मध्ये तुर्कस्तानचा धोरणदर (मध्यवर्ती बँक ठरवते तो व्याजदर) ५० टक्के होता, अमेरिकेचा साडेपाचच्या आत. तिथलं चलन लिरा पडेल म्हणून एवढी किंमत मोजायची, तर लिरा खरोखरच पडला तरी हाती फारसं काही लागत नाही.

मला अवमूल्यनापेक्षा जास्त धास्ती दार बंद होण्याची वाटते. १ सप्टेंबर १९९८ला मलेशियानं परकीयांना शेअर विकून आलेला पैसा १२ महिने देशाबाहेर न्यायला बंदी केली. तेव्हा फंडवाल्यांना पत्र टाका आणि विचारा : इजिप्तमधले शेअर आज विकले तर डॉलर हातात यायला किती दिवस लागतील, आणि मूल्यांकन कोणत्या दरानं करता?